‘आऊट’ शिकवणारा फळा

मी एक जुना लाकडी फळा आहे. मित्रांनो, माझी एक कड उडालेली दिसते ना? त्याची हकीकत सांगतो.

सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केले आणि मी एका कारखान्याच्या जेवणघरात आलो. पाळी सुटल्यावर एक बाई तिथे कामगारांना इंग्रजी शिकवीत. एकदा त्यांनी माझ्यावर लिहिले : वर्क आऊट, वॉक आऊट, लॉक आऊट.

“आऊट म्हणजे बाहेर,” फिटरदादा म्हणाले. “मग वर्क आऊट म्हणजे बाहेरचं काम?”

“नाही हो, व्यायाम! जोडीला जो शब्द येईल, तसा अर्थ बदलतो.”

“ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या!” पॅकिंगमधली मावशी म्हणाली. सगळे खो खो हसले.

‘लॉक आऊट’चा अर्थ मात्र मालकानेच शिकवला. कामगारांनी पगारवाढ मागितली, म्हणून त्याने सर्वांना हुसकून फाटकाला टाळे ठोकले. निघताना त्यांनी मलाही उचलून आणले. फाटकाबाहेर ठाण मांडून ते बसले आणि बाईंनी तिथेच वर्ग चालू ठेवला.

एका दुपारी ट्रकमधून भाडोत्री गुंड उतरले. हातात लोखंडी सळया. त्यांनी सरळ डोकी फोडायला सुरुवात केली. फिटरदादा मध्ये पडले. पहिल्या फटक्यात त्यांचा जबडा निखळला, दुसऱ्यात कपाळ फुटले. रक्ताची चिळकांडी माझ्या अंगावर उडाली.

“दादा, मागे!” बाई किंचाळल्या.

सळई पुन्हा खाली येत होती. मावशीने मला उचलून दादांच्या डोक्यावर आडवे धरले. काडकन माझी कड उडाली.

“सोड तो फळा, म्हातारे!” सळईवाला गुंड ओरडला.

“हात तोड, मगच सुटेल!”

त्याने तिच्या बोटांवरच घाव घातला. बोटे चिरडली, तरी तिने मला सोडले नाही. तेवढ्यात बाकीचे कामगार दगड घेऊन धावून आले आणि गुंड पळाले.

माझ्यावरच निजवून फिटरदादांना दवाखान्यात नेले. ते वाचले, पण एक डोळा गेला. मावशीची बोटे पुन्हा कधी मिटली नाहीत.

कारखाना उघडला. नवा चकचकीत फळा आला आणि मी मोरीपाशी कुजत पडलो. परवा बाईंनी मला शोधून काढले, धुतले आणि तुमच्या वर्गात टांगले.

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसत जा, एवढेच मागणे. आणि कुणावर हात उगारला गेला, तर भिंतीला टेकून पाहत राहू नका. मला हात नव्हते, म्हणून कुणालातरी मला उचलावे लागले. तुम्हाला आहेत.