विलायती गाडी विकणे आहे

मी एक विलायती स्पोर्ट्स कार बोलतेय. वय सत्तरच्या आसपास, रंग लाल, मुक्काम अमरावती, विकणे आहे. शेवटचे दोन शब्द माझे नाहीत. ते माझ्या मालकानं पुठ्ठ्यावर लिहून काचेला लावलेत. म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात अशी पाटी अडकवली तर लोक नावं ठेवतात, गाडीच्या बाबतीत चालतं.

माझा जन्म इंग्लंडचा. वळणावळणाच्या रस्त्यांवर पळण्यासाठी मला घडवलं, आणि पाठवलं कुठे, तर धामणगाव रेल्वेला. एका कापूस व्यापाऱ्यानं मोठ्या हौसेनं आणलं. घरात माणसं बावीस, माझ्यात सीट दोन. आधी कुणी बसायचं यावरून शेटजींच्या घरात जे रुसवेफुगवे सुरू झाले ते मिटायच्या आत मी काळ्या मातीत पोटापर्यंत रुतले. बैलजोडी लावून मला ओढून काढलं आणि जिनिंगच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. तिथे सरकीच्या पोत्यांखाली साठेक वर्षं गेली. सीटमध्ये उंदीर, बॉनेटवर कोंबड्या. कोंबड्यांबद्दल तक्रार नाही, त्यांनी मला कधी मायलेज विचारलं नाही.

मग अमरावतीचे किशोरभाऊ आले. प्लॉट विकणं हा त्यांचा धंदा. कुणाच्या तरी बंगल्यासमोर त्यांनी जुनी गाडी पाहिली होती, आणि दुसऱ्याच्या दारात दिसलं ते आपल्या दारात हवंच, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी मला भंगाराच्या भावात उचललं आणि ट्रॉलीत घालून अकोल्याला शफी मिस्त्रीच्या गॅरेजवर उतरवलं.

शफी मिस्त्री म्हणजे ट्रॅक्टर आणि थ्रेशर दुरुस्त करणारा माणूस. साठी उलटलेली, हातांना थोडा कंप. मी नाक मुरडलं. माझं विलायती अंग आणि या गावठी माणसाचा हात! तो माझ्याभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "गंजानं खाल्लं इले. पन हाडं मजबूत हाय."

चार वर्षं त्यानं माझ्यावर घालवली. रेतीच्या पोत्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकून ठोकून माझं बॉनेट घडवलं. पंप, बुश, शाफ्ट, जे मिळेना ते स्वतः लेथवर काढलं. डॅशबोर्डचं लाकूड कुजलं होतं, तर बायकोच्या माहेरून आलेल्या शिसवी पलंगाची पाटी काढून बसवली. बायको, कुलसुमबी, आठ दिवस बोलली नाही. नंतर तिनंच माझ्या सीटचं चामडं शिवलं. माझं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं ते धुरावर ढकललं. माझं मुरडलेलं नाक तेव्हाच सरळ झालं.

त्याला एकच गोष्ट हवी होती. पितळेची बोटभर पट्टी कापून त्यानं तिच्यावर कोरलं होतं, 'शफी मिस्त्री, अकोला'. ती बॉनेटच्या आतल्या बाजूला लावली. जन्मभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त केली, कुठं नाव राहिलं नाही. हात असे थरथरत असताना एवढं मोठं काम पुन्हा होणार नव्हतं. बॉनेट उघडणाऱ्यानं नाव वाचावं, बस.

किशोरभाऊंची हौस दोन लग्नांच्या वरातीत फिटली. मग मी विकायला निघाले. बघायला येणारे एकाहून एक! एकानं विचारलं, "किती देते?" दुसऱ्यानं, "सीएनजी बसन काय?" तिसऱ्यानं माझी डिकी उघडून तुरीचं पोतं मावतं का ते पाहिलं. बाकीच्यांनी फोटो काढले आणि चहा पिऊन गेले.

शेवटी पुण्याहून खरं गिऱ्हाईक येणार असं ठरलं. आदल्या दिवशी किशोरभाऊंनी पाना घेतला आणि पितळेची पट्टी काढली.

"काहून काढता?" अकोल्याहून आलेल्या मिस्त्रीनं विचारलं.

"गाडी विलायती अन् नाव अकोल्याचं? भाव पडते, मिस्त्री. मी सगळं ओरिजिनल सांगतलं हाय. उद्या गाडी सुरू नाही झाली तं तुमी पायजे म्हणून बोलावलं. कोनी इचारलं तं ड्रायव्हर हाव म्हना, अन् चूप राहा."

मिस्त्रीनं पट्टी खिशात टाकली. मला फार वाईट वाटलं.

पुण्याचे साहेब जाडजूड पुस्तक आणि टॉर्च घेऊन आले. बॉनेटवर हात फिरवून म्हणाले, "ही गोलाई पहा. हे काम आपल्याकडे होणं शक्यच नाही." किशोरभाऊंनी मान हलवली. साहेब डॅशबोर्डवर टकटक करून म्हणाले, "अस्सल इंग्लिश अक्रोड. वासावरून कळतं." पुन्हा मान हलली. सीटची शिवण पाहून तर ते गहिवरले, "असा हात तिकडचाच." मिस्त्री बाजूला फडक्यानं हात पुसत उभा होता. हात मघाच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होता.

मग साहेबांनी माझा डावा दरवाजा लावला. खडाक आवाज झाला. साहेबांच्या कपाळावर आठ्या. "हं. इथे मात्र कुणा लोकल मिस्त्रीनं हात मारलेला दिसतो. बिजागरी बसवायची अक्कल नाही या लोकांना."

फडकं थांबलं.

"साहेब," शफी मिस्त्री शांतपणे म्हणाला, "तेवढा दरवाजाच विलायती हाय. मी त्याले हातबी नाही लावला. बाकीचं सगळं माहं."

"मजाक करून राहिला तो," किशोरभाऊ हसले.

"मजाक नाही. तो अक्रोड नाही साहेब, शिसव हाय. माह्या बायकोच्या पलंगाची पाटी. शिवनबी तिचीच."

साहेबांनी पुस्तक मिटलं. चूक पुस्तकाची की नाकाची, हे तपासायला ते थांबले नाहीत. ओरिजिनल नसेल तर रस नाही, एवढं सांगून गेले. मघाशी ज्या शिवणीनं गहिवरले होते ती तीच होती, तसूभरही बदलली नव्हती.

किशोरभाऊ तासभर चिडले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "मिस्त्री, एक काम करा. तो दरवाजाबी तुमीच बनवून टाका. मंग पुरी गाडी ओरिजिनल वाटन."

मिस्त्री माझ्या त्या दरवाज्यापाशी उकिडवा बसला. त्यानं बिजागरीवरून बोट फिरवलं.

"नाही किशोरभाऊ. हा दरवाजा तिकडच्या कोन्या मिस्त्रीनं बनवला असन. तो तं आता मेलाबी असन. पुऱ्या गाडीत त्याचं एवढंच काम उरलं. हे मी नाही काढत."

बिजागरीत त्यानं दोन थेंब ऑइल सोडलं, दरवाजा एकदा उघडून लावून पाहिला, पिशवी उचलली आणि अकोल्याची एसटी धरली.

मी अजून अमरावतीतच आहे, पुठ्ठ्यासकट. घ्यायचं असेल तर अवश्य या, चहा मिळेल. पण मी ओरिजिनल आहे का, हे किशोरभाऊंना विचारू नका. आधी अकोल्याला जा, शफी मिस्त्रीचं गॅरेज कोणीही दाखवेल, आणि त्याला विचारा की ही गाडी कुणी बनवली. तो दोन माणसांची नावं सांगेल, स्वतःचं आणि कुलसुमबीचं. तिसऱ्याचं नाव त्याला माहीत नाही, म्हणून तो क्षमा मागेल.