भोपळ्यावरची साय

गरम असते तोवर चरबी मोठी साळसूद दिसते. पातळ, चकचकीत, तेल म्हणून सहज खपून जाते. गार झाली की खरं रूप दाखवते. पांढरी होते, चिकट होते आणि टाळूला जाऊन बसते. हे मला ठाऊक होतं. वन्संना नव्हतं, कारण वन्सं या घरात जेवायला येतात, भांडी घासायला नाही.

वर्षअखेरच्या सुट्टीतलं मोठं जेवण आमच्याकडेच असतं. टेबलाच्या मधोमध ओव्हनमध्ये भाजलेली मटणाची अख्खी मांडी आणि तिच्याभोवती सगळे. त्या दिवशी ओव्हनशेजारी एका वाटीत सुटलेली चरबी असते आणि वाटीत ब्रश. जो स्वयंपाकघरात येईल त्यानं मांडीवर एकदा ब्रश फिरवायचा, ही सासूबाईंनी घालून दिलेली रीत. हात लागल्याशिवाय घास गोड लागत नाही, असं त्या म्हणायच्या. त्यामुळे इकडची काडी तिकडे न करणारेसुद्धा ब्रश फिरवून ‘आम्हीच केलं’ म्हणायला मोकळे.

यंदा सून आणि विहीणबाई पहिल्यांदाच या जेवणाला येणार होत्या. विहीणबाई शाकाहारी, पण दूध-दही, चीज चालतं. सून त्यांच्याही पुढची. जनावराचं म्हणून काहीच नाही, अगदी मधसुद्धा नाही. मुलगा माझा दवाखान्यात नर्स, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी त्याची ड्युटी ठरलेली. म्हणजे या दोघी आमच्या हवाली.

सून कुठेही जेवायला बसली की आधी विचारते, ‘यात काय आहे?’ हळूच, ओशाळून. मग लोकांचे विनोद सुरू. गवताला जीव नसतो का, वगैरे. पण मागे एकदा तिनं माझ्याकडची भाजी न विचारता पानात घेतली. मीच म्हटलं, ‘काय गं, विचारलं नाहीस?’ तर म्हणाली, ‘तुम्ही केलीय ना, आई.’ एवढंच. पण मला कुणी अंगभर दागिने घातले असते तरी इतकं बरं वाटलं नसतं.

म्हणून मी ठरवलं, हिला कोपऱ्यातली भाजी नाही द्यायची. मांडीसमोर मांडीच्या तोडीचं काहीतरी मानानं ठेवायचं. अख्खा लाल भोपळा पोखरून, आत भात, अक्रोड, मशरूम आणि लालसर परतलेला कांदा भरायचा. आठवडाभर सराव केला. पहिल्या भोपळ्यानं ओव्हनमध्येच बसकण मारली. दुसरा वरून काळा, आतून कच्चा निघाला, आमच्या ह्यांच्यासारखा. तिसरा जमला. जेवणाच्या दिवशी ओव्हन घासूनपुसून आधी भोपळा भाजला, मग मांडी आत गेली. भोपळा खिडकीपाशी ठेवून मी कपडे बदलायला गेले. तिथेच चुकलं.

परत आले तर ह्यांनी भोपळा टेबलावर नेऊनही ठेवला होता. आयुष्यात कधी पाण्याचा तांब्या न उचललेला माणूस! मला कौतुकच वाटलं. भोपळा नुसता लखलखत होता.

‘वहिनी, दृष्ट लागेल हो तुझ्या भोपळ्याला,’ वन्सं म्हणाल्या. रुमाल ओठांवर होता.

विहीणबाईंनी पहिला घास घेतला. ‘वा! चव काहीतरी वेगळीच आहे. काय घातलंत?’

‘प्रेम,’ वन्सं म्हणाल्या, आणि हे खोकले.

सुनेनं फोड कापून काट्यावर घेतली. माझ्याकडे बघून हसली. विचारलं नाही.

तेवढ्यात मला भोपळ्याच्या खाचा दिसल्या. प्रत्येक खाचेत पांढरी साय धरली होती. मी बोट फिरवून नाकाशी नेलं. मटण. मी मटण आवडीनं खाणारी बाई, हाडं चोखणारी. पण तो वास भोपळ्याला आला तशी शिसारी येऊन मी बोट रुमालाला खसाखसा पुसलं. मान वर केली तर समोर त्याहून घाण दिसलं. ह्यांची सुरी हवेत थांबलेली, वन्संचे डोळे बारीक झालेले, आणि दोघंही त्या पोरीच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. घास कधी आत जातो म्हणून. उंदराच्या पिंजऱ्यापुढे बसावं तसे.

‘थांब!’ मी ओरडले. ‘ठेव तो काटा. त्याला चरबी लावलीय.’

काटा ताटलीत पडला. विहीणबाईंचा हात तोंडावर गेला. त्या उठल्या, बेसिन कुठं हेही त्यांना सुचेना, आणि सून त्यांना धरून आत घेऊन गेली. तिथून येणारा आवाज आम्ही तिघं ऐकत उभे होतो.

‘इश्श, दोन हात ब्रश फिरवला फक्त,’ वन्सं म्हणाल्या. ‘कोरडा दिसत होता मेला. मरत नाही कोणी चरबीनं. खाल्लं असतं, मग सांगितलं असतं. सोंग उतरलं असतं एकदाचं.’

‘आणि तुम्हाला माहीत होतं?’ मी ह्यांना विचारलं.

‘अगं, गंमत होती. तू उगाच तमाशा केलास.’

त्यांच्या हनुवटीवर चरबीचा ओघळ होता. हे तोंड मी इतकी वर्षं समोर घेऊन जेवले! मी भोपळा उचलला आणि वन्संच्या ताटासमोर आदळला.

‘हा तुमचा, वन्सं. तुमचा हात लागलाय, गोड लागेल. सालीसकट संपवा.’

‘वहिनी, तोंड सांभाळ हं.’

‘तेच सांभाळत बसले आजवर.’

स्वयंपाकघरात आले. वाटीतला ब्रश गोठून ताठ झाला होता, केस वाटीला चिकटलेले. वाटीसकट सगळं कचऱ्यात टाकलं. हात साबणानं धुतले, परत धुतले, तरी बोटं एकमेकांवर घसरतच होती.

विहीणबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. सून दाराशी आली. चेहरा उतरलेला होता. मी तिच्या आईसाठी लिंबाचं सरबत केलं आणि पेला पुढे केला.

तिनं तो घेतला. उजेडात धरला, वरचा तवंग बघावा तसा. मग हळूच, ओशाळून म्हणाली,

‘आई... यात काय आहे?’

मी पेला तिच्या हातातून परत घेतला आणि बेसिनमध्ये ओतला. तिला जवळ बोलावलं. नवीन लिंबू तिच्या हातात दिलं, साखरेचा डबा तिच्यासमोर उघडला, पेला तिच्यादेखत पुन्हा घासला.

‘बघ,’ मी म्हटलं. ‘आता तूच कर.’