चार पोलादं आणि एक टोमॅटो

सुरीवाल्याच्या घरात सुऱ्या इतक्या, की मोजायला बसलं तर जेवण राहून जाईल. आणि त्यातली एकही टोमॅटोला लावायची सोय नाही! आता हसावं की रडावं, तुम्हीच सांगा. लोकांना हव्या तशा सुऱ्या घडवून देणारा हा माणूस, गिऱ्हाइकं त्याला उस्ताद म्हणायची, आणि घरी त्याची बायको कांदा बुक्कीनं फोडत होती. तयार सुऱ्या होत्या त्या गिऱ्हाइकांच्या, त्यांना हात लावायचा नाही. आणि बायकोला द्यायची सुरी जन्मात बोथट होणार नाही अशीच हवी, हे खूळ त्याच्या डोक्यात घट्ट बसलेलं.

त्यासाठी त्यानं कुठून कुठून भारी पोलादं मागवली आणि तीन सुऱ्या घडवल्या. थोरली कडक, धार धरून ठेवणारी, पण जरा हाडाला टेकली की धारेला दाते. मधली दणकट, दगडावर आपटली तरी हूं की चूं करणार नाही, पण धार टिकेल तर शपथ. धाकटी भुकटी दाबून केलेल्या पोलादाची, आणि तिचा तोरा काय विचारता! बायको तिघींना सवती म्हणायची. तिचं काही चुकत नव्हतं. तिघींना मऊ फडक्यात निजवल्याशिवाय हा स्वतः झोपत नसे.

परीक्षेची रीत सोपी होती. दोर कापत सुटायचं. दोर कापेनासा झाला की सुरी बाद. आणलेले दोर संपले तशी कपडे वाळत घालायची दोरी गेली, मग पडद्यांच्या दोऱ्या, मग सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या. शेवटी त्याच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या पायजम्याची नाडी गेली. तेव्हापासून अण्णा एका हातानं पायजमा धरून घरभर हिंडत होते, आणि तरी बाजू मुलाचीच!

"थोरलीच जिंकणार बघ," ते सुनेला अभिमानानं सांगत. "एका झटक्यात उडवली माझी नाडी. मला कळलंसुद्धा नाही."

त्या दिवशी सकाळी बायकोनं पिशवी भरून दाराशी ठेवली आणि ओट्यावर एक टोमॅटो मांडला.

"अहो, ऐका. संध्याकाळच्या गाडीच्या आत हा टोमॅटो चिरेल अशी सुरी मला द्या. नाहीतर मी चालले ताईकडे. परत कधी येणार, ते मात्र विचारायचं नाही."

ती बोलली की करते, हे सुरीवाल्याला पक्कं ठाऊक होतं. आणि ती नसली तर या घरात आपलं काही खरं नाही, हेही. तो धावत कामाच्या खोलीत गेला आणि अण्णांच्या खाटेचे दोर सोडून शेवटची फेरी सुरू केली. मधली लगेच हरली. त्यानं चिडून तिला भट्टीत भिरकावलं. दुपारनंतर थोरली हरली, तीही मागोमाग भट्टीत. आचेनं पोलादाचं पाणी उतरलं, कडकपणा गेला आणि दोघी कामातून गेल्या. धाकटी तेवढी कापत राहिली, कापत राहिली, आणि उन्हं कलताना तीही थांबली.

"जिंकली!" तो ओरडला.

मग त्याच्या लक्षात आलं. सगळ्यात शेवटी बोथट कोण होते, हे बघायचं तर तिघींना बोथट करावंच लागतं. अरे देवा! घाईघाईनं त्यानं धाकटीला धार लावायच्या दगडावर घेतलं. घासता घासता दगड झिजला. धाकटी ढिम्म.

तो ती सुरी हातात घेऊन स्वयंपाकघरात आला. बायको पिशवी उचलतच होती.

"जगातली सगळ्यात जास्त धार टिकवणारी सुरी आहे," तो म्हणाला. "फक्त आत्ता तिला धार नाहीये."

बायकोनं पिशवीतून एक जुनं फडकं काढून उलगडलं. आत एक वेडीवाकडी सुरी होती, मोडक्या करवतीच्या पात्याची. लग्न झाल्या झाल्या त्यानंच केलेली, काही येत नव्हतं तेव्हा. आता पार बोथट.

त्यानं पात्यावर अंगठा फिरवला. "शी! अगदीच भिकार पोलाद. हिला तर रोज धार लावावी लागेल."

"लागायचीच. रोज संध्याकाळी इथे ओट्यापाशी बसून लावायचात तुम्ही, आणि तोवर मी तुम्हाला दिवसभराचं सांगायचे. मग तुम्ही कधीच बोथटणार नाही असं पोलाद शोधायला निघालात. मला कुठे हवं होतं ते?" तिनं पिशवी पुन्हा हातात घेतली. "ताईला निदान सांगता तरी येईल सगळं."

सुरीवाला खाली बसला. झिजलेल्या दगडावर पाणी शिंपडलं आणि करवतीचं पातं घासायला घेतलं. घासतानाच म्हणाला, "मग? पुढे काय झालं?"

"कशाचं?"

"जिथून सांगायचं राहिलंय, तिथून."

ती पिशवी मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसली. आधी अडखळत, मग भरभर बोलू लागली. साचलेलं केवढं होतं! शेजारीण, स्वतःच्या गुडघ्याचं दुखणं, तो विसरून गेलेला तिचा वाढदिवस. बाहेर गाडीचा भोंगा वाजला आणि गाडी निघून गेली.

अण्णा पायजमा सावरत दारात आले. "अरे, तो टोमॅटो कधी चिरणार? भूक लागलीय."

सुरीला धार कधीच लागली होती.

"थोडी राहिलीय अण्णा," तो म्हणाला, आणि घासत राहिला.