पावणेतीनची ड्यूटी

बसडेपोत तीनशे माणसांच्या ड्यूट्या ती लावायची. कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर, कोण कुणाला कुठे बदली देणार, सगळा चार्ट तिच्या हातचा. एक माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी लावला गेला, असं अकरा वर्षांत घडलं नव्हतं, आणि हे ती कुणी न विचारताही सांगायची. क्वचित गणित जमेनासं झालं, की एखादा जुना ड्रायव्हर म्हणायचा, "बघतो मी, मॅडम." आणि हिचा जीव भांड्यात पडायचा. तो नक्की काय बघणार, हे ती विचारायची नाही. डेपोचा रिवाजच होता तो. गाडी वेळेवर सुटली म्हणजे झालं.

घरचा चार्टही तिनंच काढला. नवरा परगावी नोकरीला, मग दुसरं कोण काढणार! थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाचाचा. गेल्या वर्षीपर्यंत दोघं एकदमच साडेबाराला सुटायची आणि शेजारणीकडे थांबायची. यंदा थोरली वरच्या वर्गात गेली आणि तिची शाळा पावणेतीनला सुटू लागली. आई सुटायची साडेपाचला. दोघांना शाळेतून आणून तोवर सांभाळायला तिनं शाळेपासून पंधरा मिनिटांवर राहणारी एक बाई शोधली. एकटा जीव, आरशासारखं घर, आवाज कधी चढायचा नाही. मुलं तिला मावशी म्हणू लागली. हल्लीच्या दिवसांत अशी बाई मिळायला नशीब लागतं, असं शेजारणी म्हणाल्या, आणि आईलाही ते पटलं.

पहिल्याच दिवशी मावशीनं चार्टवर बोट ठेवलं होतं. "ताई, अडीच वाजता मी मोठीला आणायला निघणार. सव्वातीनपर्यंत परत येईन. तेव्हा धाकटा इथं झोपलेला असेल."

आईला उशीर होत होता. "मग?"

"काही नाही. बघते मी."

"बरं झालं बाई," असं म्हणून आईनं पायात चपला सरकवल्या आणि ती निघाली.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. जरा जास्तच सुरळीत. जो मुलगा घरात एका जागी ठरत नसे, तो रविवारी दुपारी न सांगता अंथरुणावर जाऊन पडू लागला. पालथा नाही, कुशीवर नाही, ताठ उताणा, मुठी आवळून. डोळे इतके घट्ट मिटलेले, की पापण्या थरथरायच्या. आईच्या मनात पाल चुकचुकली. तिनं विचारलं, "मावशीकडे काय काय करता रे?" धाकट्यानं थोरलीकडे पाहिलं, थोरलीनं जमिनीकडे. अळीमिळी गुपचिळी. पोरगं शहाणं झालं, अशी आईनं स्वतःची समजूत घातली. दमलेल्या माणसाला समजूत लवकर पटते.

मग तो मंगळवार आला. दुपारी दोनच्या सुमाराला डेपोच्या साहेबांनी एका जुन्या ड्रायव्हरला उभं केलं होतं. चार्टमधली वीस मिनिटांची फट तो महिनोन्महिने "बघत" होता. बघत होता म्हणजे काय, तर भरलेली गाडी थांब्यावर उभी करायचा, दारं बाहेरून लावायचा आणि पलीकडच्या गाडीची छोटी फेरी मारून यायचा.

"आणि तेवढ्या वेळात आतल्या माणसांकडे कोण बघत होतं?" साहेब ओरडले.

चार्ट आपलाच, म्हणून पुढचा बार आपल्यावरच, हे ओळखून आई मान खाली घालून बसली होती. पण तो प्रश्न कानावर पडला आणि तिला मावशीचं 'बघते मी' आठवलं. तिनं घड्याळात पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं. साहेब मागून हाका मारत राहिले आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा.

मावशीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

"राजा! आई आलेय रे!" तिनं कडी वाजवली, मग दार बडवलं. आत कसलीच चाहूल नाही. ती बाजूच्या खिडकीशी धावली. पडद्याच्या फटीतून अंथरूण दिसत होतं. धाकटा उताणा पडला होता, चादर हनुवटीपर्यंत. तिनं काचेवर दोन्ही तळवे आपटले, नावानं हाका मारल्या, घसा बसेपर्यंत मारल्या. त्याचं बोटही हललं नाही. छाती वरखाली होतेय का, हे एवढ्या लांबून कळत नव्हतं. आपण काय करून बसलो, एवढंच तिच्या डोक्यात घणासारखं वाजत राहिलं.

मावशी थोरलीचा हात धरून आली ती नेहमीच्याच चालीनं. "आज लवकर ताई?" तिनं शांतपणे कुलूप काढलं.

आईनं झडप घालून मुलाला उचललं. अंग ऊबदार होतं, श्वास चालू होता, पण तो लाकडासारखा ताठ होता. "डोळे उघड ना रे. मी आहे." पापण्या आणखी घट्ट झाल्या.

थोरली जवळ आली आणि रोजच्यासारखी हळूच म्हणाली, "झालं."

त्यानं लगेच डोळे उघडले. आधी ताईकडे पाहिलं. "ताई, आज ते आलं होतं. आईच्या आवाजात हाका मारत होतं. खिडकीशीपण आलं. पण मी फसलो नाही."

मावशीनं कौतुकानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "मीच शिकवलंय, ताई. आम्ही नसताना कुणी हाक मारली, तर ती आई नसते. आई कामावर असते. म्हणून तर पोर जागचं हलत नाही." मग जराशा दुखावल्या स्वरात म्हणाली, "तुम्हाला म्हटलं होतं ना, बघते म्हणून?"

आईला तिच्यावर ओरडायचं होतं. पण 'मग?' एवढंच विचारून पायात चपला सरकवणारी बाई कोण होती, हे तिला पक्कं आठवत होतं. ती दोघांना घेऊन निघाली. मावशीकडे पुन्हा पाठवायचं नाही, हे तिनं वाटेतच ठरवलं.

संध्याकाळी तिनं भात टाकला, दूध तापवलं आणि स्वयंपाकघरातून धाकट्याला हाक मारली. बाहेरच्या खोलीतला खेळण्यांचा आवाज एकदम थांबला. तिनं पुन्हा हाक मारली.

मग थोरलीचं कुजबुजणं ऐकू आलं. "तू डोळे मीट. तीच आहे का, बघून येते मी."