लिहून द्या, साहेब

साहेबांनी गाडीवरचं कापड स्वतःच्या हातांनी ओढून काढलं, त्याची नीट घडी घातली आणि मला म्हणाले, “एक ओरखडा दाखवा.”

मी त्याचसाठी आले होते. पिशवीतून रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं आणि बॉनेटपासून सुरुवात केली. एकशे आठ मायक्रॉन. एकशे बारा. मग दारं, छत, चाकांवरच्या कमानी, डिकीचं झाकण. कुठे ठोकून, पुट्टी भरून वरून रंग मारला असेल, तर आकडा एकदम दुप्पट-तिप्पट होतो. इथे तो एकशे वीसच्या वर जायलाच तयार नव्हता. टायर बघितले, चारही एकाच आठवड्यात बनलेले. ब्रेकच्या पेडलवरचं रबर बघितलं, कारण मीटर मागे फिरवता येतो, पण झिजलेलं रबर पुन्हा उगवत नाही. तेवीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं असावं तसंच ते होतं. सर्व्हिसिंगच्या पुस्तकात दर सहा महिन्यांनी शिक्का, तारीख, सही. एकही खाडा नाही.

गाडी निर्दोष होती, आणि मला तिचा भयंकर राग आला.

मी मापनयंत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कुठला तराजू किती खोटं बोलतो हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. बाबांसाठी गाडी शोधताना ही जाहिरात दिसली होती: लहान, ऑटोमॅटिक, सात वर्षं जुनी, एकच मालक. खाली मालकाचं नाव वाचलं आणि मी मनाशी ठरवूनच टाकलं. या माणसाची एक तरी लबाडी पकडायची, त्याच्याच पोर्चमध्ये उभं राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची आणि गाडी न घेता निघून यायचं.

चौदा वर्षांपूर्वी या माणसाने एक कागद लिहून दिला होता. तेव्हा तो एका कारखान्याचा मॅनेजर होता आणि बाबा त्याचे ड्रायव्हर. पहाटे गेस्टहाऊसवरून परतताना बाबांनी हमरस्त्यावर करकचून ब्रेक मारला. मागून ट्रक आदळला, गाडी दुभाजकावर चढली. साहेबांचं खांद्याजवळचं हाड मोडलं. बाबांचा डावा गुडघा चेचला गेला; तो नंतर कधी पूर्ण वाकला नाही. साहेबांनी इस्पितळातून लिहून दिलं की चालकाला डुलकी लागली आणि दचकून त्याने विनाकारण ब्रेक मारला. बाबांचं म्हणणं वेगळं होतं. फाइल गेस्टहाऊसवर राहिल्याचं साहेबांना अचानक आठवलं आणि ते मागच्या सीटवरून “थांब, थांब” असे ओरडले. पण चौकशीत मॅनेजरचा सहीचा कागद होता आणि समोर ड्रायव्हरचं नुसतं तोंडी बोलणं. नोकरी गेली. झोपणारा ड्रायव्हर अशी ख्याती झाल्यावर दुसरं कोण कशाला ठेवतंय? पुढची तेरा वर्षं बाबांनी एका सोसायटीच्या फाटकावर बसून लोकांच्या गाड्यांसाठी दांडा वरखाली केला.

आता ते चौसष्ट वर्षांचे आहेत. क्लच दाबणं त्यांच्या डाव्या पायाला जमत नाही, पण ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला कामच नसतं, हे मी त्यांना चित्र काढून समजावलं होतं. ते म्हणाले होते, “म्हणजे अर्ध्या ड्रायव्हरची गाडी.” मग परवान्याची परीक्षा नव्याने दिली आणि तीन रविवार माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीवर मोकळ्या मैदानात हात साफ केला. ब्रेक सोडला की गाडी आपणहून सरकते याचं त्यांना हसू यायचं. “हिला निघायची घाई फार,” ते म्हणायचे, “तुझ्या आईसारखी.” आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

ही गाडी कुणाची आहे ते मी आदल्या संध्याकाळी सांगितलं. ते नकोच म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं की दाखवायला साहेब स्वतः येणार आहेत का. मग म्हणाले, “नऊची वेळ घे. नऊला ते तयार असतात.”

आणि आता बाबा फाटकाशी, एका पायावर भार देऊन उभे होते. साहेबांनी त्यांना ओळखलं नव्हतं. डोळे साथ देत नाहीत म्हणूनच गाडी काढतोय, असं त्यांनी मला सांगून झालं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं, सून चालवू देत नाही, वगैरे. वय अठ्ठ्याहत्तर. हात मात्र स्थिर होते आणि आवाजही.

“झाली का शवचिकित्सा?” त्यांनी मला विचारलं. “काही सापडलं?”

मी नाही म्हणाले.

चालवून बघायची तर मालक सोबत हवा, असं ते म्हणाले आणि सवयीने मागच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. कुणीच पुढे होईना, तेव्हा त्यांनी ते स्वतः उघडलं. मी पुढे बसले. बाबांनी सीट मागे सरकवली, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि कडेला ठेवून दिला. आरसे लावले. मग मान न वळवता म्हणाले, “निघू का, साहेब?”

नऊ वर्षं रोज सकाळी नऊ वाजता साहेबांनी हे तीन शब्द याच आवाजात ऐकले होते.

“तू आहेस होय,” ते सावकाश म्हणाले.

“मीच.”

मला वाटलं, आता ते उतरतील. उतरले नाहीत. उलट सावरून बसले आणि जुन्याच सुरात रस्ता सांगू लागले. डावीकडे घे, पुढे खड्डा आहे, हळू. बाबा सांगतील तसं करत होते. इतकी सफाईदार गाडी मी कुणाला चालवताना पाहिली नव्हती. काटा वीसवर गेला तेव्हा चारही दारं ‘टक्’ आवाज करून आपोआप बंद झाली, तेवढाच काय तो आवाज. साहेबांच्या हुकमतीने मी आतून जळत होते, आणि बाबांच्या नम्रपणाने त्याहून जास्त.

औषधांच्या दुकानापाशी साहेब म्हणाले, “थांब, थांब. इथून वळव, घरी जाऊ.”

बाबा थांबले नाहीत. वळण मागे गेलं.

“अरे, थांब म्हणतोय ना.”

“मागे टेम्पो आहे, साहेब.”

टेम्पो होता. पुढच्या चौकात तो दुसरीकडे वळला, तरी आम्ही सरळच गेलो. मग क्रीडांगण लागलं. त्याच्या उंच भिंतीला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर बाबांनी गाडी घातली आणि चोवीसचा वेग धरला. ना कमी, ना जास्त. पहिली फेरी पूर्ण झाली.

“मागच्या वेळी तुम्ही थांब म्हणालात,” बाबा म्हणाले, “आणि मी थांबलो. मागे ट्रक आहे हे मला दिसत होतं. तरी थांबलो, कारण तुम्ही म्हणालात.”

“झालं गेलं ते. किती वर्षं झाली.”

“तुमचं झालं गेलं.”

मागच्या दाराचा खटका हलल्याचा आवाज आला. बाबा मुलाला समजवावं तसं म्हणाले, “चालत्या गाडीत दार उघडू नये. आणि पट्टा लावा, साहेब. मागे बसून पट्टा न लावायची तुमची सवय वाईट.”

मी वळून पाहिलं. पट्ट्याचं टोक खाचेत बसवायला साहेबांना तीनदा प्रयत्न करावा लागला. बाबांना सांगायला हवं होतं की पुरे, म्हाताऱ्या माणसाला असं करू नये. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलंसुद्धा नाही. मला आनंद होत होता. हातापायांत कळेल असा आनंद.

दुसऱ्या फेरीला बाबा म्हणाले, “त्या वेळी लिहून दिलंत तसं आता लिहून द्या. तुमच्या हाताने. मग थांबतो.”

साहेब बरंच बोलले. कारखाना बंद पडला, चौकशी करणारे मेले, आता त्या कागदाला कोण विचारतंय. शिवाय चष्मा घरी राहिलाय. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, “त्यांना कागद दे. मोठ्या अक्षरात लिहू देत, म्हणजे चष्मा लागणार नाही.”

गाडी तपासण्याची माझी यादी होती. तिची मागची बाजू कोरी होती. ती आणि पेन मी मागे दिलं.

“कुठे नेऊन देणार आहेस हे?” साहेबांनी विचारलं. आवाजातला मॅनेजर आता संपला होता.

“कुठे नाही. घरात वाचायला हवा.”

तिसरी फेरी अर्धी झाली तेव्हा पेनचा आवाज सुरू झाला. चौथी संपताना कागद माझ्या खांद्यावरून पुढे आला. बाबांनी इशारा दिला, आरशात पाहिलं, गाडी कडेला घेतली आणि ती उभी राहिल्याचं कळलंही नाही इतक्या हळुवार उभी केली.

“वाच,” ते मला म्हणाले.

अक्षरं सुपारीएवढी होती आणि ओळी खाली घसरत गेल्या होत्या. मी वाचलं: “त्या दिवशी थांब असे मीच ओरडलो. ड्रायव्हर झोपला नव्हता. मी खोटे लिहिले.” खाली सही आणि तारीख.

“पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं. बाबांनी मान हलवली आणि गाडी साहेबांच्या घराकडे घेतली. पोर्चमध्ये आल्यावर साहेब तसेच बसून राहिले. दार बाहेरून उघडलं जाईल याची त्यांचं शरीर वाट पाहत होतं. बाबांनी हात चाकावरून काढला नाही. शेवटी साहेबांनी खटका चाचपला, तो सापडायला वेळ लागला, आणि ते उतरून आत गेले.

चालत रस्त्यापर्यंत आल्यावर मी म्हणाले की चांगली जिरवली, आता दुसरी गाडी बघू. बाबा म्हणाले, “का? गाडी उत्तम आहे. तिने कुठे काही खोटं लिहून दिलंय?”

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. ते फूटपाथवर थांबले होते.

“तुझी आई शेवटपर्यंत विचारायची,” ते म्हणाले. “चिडून नाही, अगदी मायेने. म्हणायची, आता तरी खरं सांगा, डोळा लागला होता ना? मी रागवणार नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तू कधीच विचारलं नाहीस.”

यावर काहीतरी बरं वाटेल असं बोलता आलं असतं. ज्या माणसाने चौदा वर्षं एका खोट्या वाक्याखाली काढली, त्याच्याशी त्या सकाळी तरी मला खोटं बोलवलं नाही.

“मला वाटायचं की मला माहीत आहे,” मी म्हणाले. “मलाही वाटायचं की तुम्ही झोपला होतात.”

पंचनाम्याची प्रत आमच्या कपाटात होती. मी ती कॉलेजात असताना वाचली होती. रस्त्यावर चाकांच्या घासल्याच्या खुणा, लांबी एकोणीस मीटर, दोन्ही सरळ. डुलकीतून दचकलेला माणूस आधी चाक फिरवतो. त्याच्या खुणा अशा फूटपट्टीने आखल्यासारख्या येत नाहीत. एवढं तर्काने कळायला माझं शिक्षण भरपूर होतं. मी परक्यांचे तराजू तपासत बसले आणि तो एक आकडा कधी तपासला नाही. साहेबांवर मी इतकी वर्षं दात धरला होता, तो त्यांनी बाबांची डुलकी लिहून दिली म्हणून. ती डुलकी खोटी होती म्हणून नव्हे.

“माहीत होतं,” बाबा म्हणाले, आणि चालू लागले.

व्यवहार साहेबांच्या सुनेशी फोनवर ठरला आणि गाडी आठ दिवसांनी ताब्यात आली. किल्ल्याही तिनेच दिल्या. सासरे झोपलेत, असं ती म्हणाली. सकाळचे नऊ वाजले होते.

बाबा आत बसले. मी पुढचं दार उघडलं.

“मागे बस,” ते म्हणाले.

“पुढे बसते ना, बाबा.”

“मागे. मधोमध.”

मी मागे बसले. त्यांनी आतला आरसा धरून फिरवला आणि मागच्या काचेऐवजी थेट माझ्यावर लावला. आता मला त्यात त्यांचे दोन डोळे दिसत होते आणि भुवईवरचा टाक्यांचा जुना व्रण. पट्टा लाव, म्हणाले. मग, “बघत बस, शास्त्रज्ञबाई.”

ते घराच्या रस्त्याने गेले नाहीत. शहर संपलं, हमरस्ता लागला, ट्रक लागले. आरशातले डोळे रस्त्यावर होते; मग डाव्या आरशात, मग उजव्या, मग क्षणभर माझ्यावर, की पुन्हा रस्त्यावर. पापणी लवायची तेवढीच लवत होती. ऊन चढलं. माझी मान अवघडली, डोळे चुरचुरायला लागले, एकदा तर पेंग यायला लागली आणि मी स्वतःच्या तळहातात नख रुतवलं. परतीचा फाटा आला आणि गेला. त्यानंतरचाही गेला. थांबा, असं मी त्यांना म्हणाले नाही.