निळ्या पट्ट्यांचा अर्धा टॉवेल

मी बोलतोय. असे वर बघू नका, खाली बघा. बाथरूमच्या दाराशी, बादलीच्या काठावर जे काळपट फडकं वाळत पडलंय ना, तो मी. फडकं म्हणालात तरी आता मला राग येत नाही, सवय झाली. पण माझा जन्म टॉवेल म्हणून झाला होता. चांगल्या जाड सुताचा, दोन्ही टोकांना निळे पट्टे असलेला टॉवेल. एवढं आधी ऐकून घ्या, मग हवं तर नाक मुरडा.

दुकानात आईंनी मला दोन बोटांत चोळून पाहिलं होतं. "हा पाणी टिपेल," असं म्हणाल्या आणि घरी घेऊन आल्या. त्या दिवसापासून सात वर्षं मी बाथरूमच्या दुसऱ्या खुंटीवर राहिलो. ती खुंटी सरांची होती.

सर म्हणजे या घरचे बाबा. ते लोकांना गाडी चालवायला शिकवतात. अख्खी गल्ली त्यांना सर म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक आहे. शिकणारा चुकला की सर तो दाबतात आणि ओरडतात. नवीन माणूस शिकायला आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "आधी कुणी काही शिकवलंय का? आधीच्या सवयी सांगा, मग पुढचं बघू." लोक येणार नेमके सरांच्या अंघोळीच्या वेळी. सर मला खांद्यावर टाकून तसेच दार उघडायला जात, त्यामुळे हा प्रश्न मला पाठ झाला होता. त्यांच्या मुलीलाही पाठ होता. चिऊला. ती दहा वर्षांची आहे आणि बाबांची नक्कल हुबेहूब करते.

एका रविवारी दारात नर्सबाई आल्या. सरांच्या जुन्या विद्यार्थिनी. गाडी मागे घेताना डोळे मिटायच्या, त्याच. त्यांची बदली झाली होती आणि नव्या जागी कुत्रा चालणार नव्हता. सरांनी आपणहून "मी सांभाळतो" म्हणून शब्द दिला होता. तर त्या ढब्बूला घेऊन आल्या. आठ महिन्यांचा. पिल्लू म्हणावं तर पाय लांब झालेले, कुत्रा म्हणावं तर कान अजून मऊ.

"सर, याच्या एक-दोन गोष्टी सांगायच्यात," नर्सबाई म्हणाल्या.

"अहो बाई, तुम्हाला मी रिव्हर्स शिकवला. कुत्र्याचं काय घेऊन बसलात? निघा तुम्ही, गाडी चुकेल."

बाई हसल्या, ढब्बूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाल्या. मी खांद्यावरच होतो. आल्यागेल्या प्रत्येकाला विचारायचा तो प्रश्न सरांनी त्या दिवशी विचारला नाही.

आईंनी लगेच सांगून टाकलं, "घरात घाण केली तर मी काढणार नाही. आधीच सांगते."

"पंधरा दिवस," सर म्हणाले. "पंधरा दिवसांत बाहेर जायला शिकवतो की नाही बघ. नाही जमलं तर तुझ्या भावाच्या गोदामावर पाठवून देऊ, राखणीला."

चिऊने कॅलेंडरवर पंधराव्या दिवसाभोवती गोल काढला आणि रोज एकेक तारीख खोडायला लागली. ढब्बू त्या रात्रीपासून तिच्याच पलंगाखाली झोपायला लागला.

माझं नशीब मात्र त्याच दुपारी फिरलं होतं. खुंटीवरून मी घसरून पडलो होतो. ढब्बू घरभर हुंगत फिरला, मला बघून थांबला, माझ्याभोवती दोनदा गोल फिरला आणि माझ्यावर मोकळा झाला. मग शेपूट हलवत सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, काय निर्लज्ज जनावर आहे. सरांनी त्याचं नाक माझ्यात दाबलं आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन ठेवून दिल्या.

"आता हा टॉवेल कुणी अंगाला लावायचा?" आई म्हणाल्या. त्यांनी मला सरांकडून धुऊन घेतलं, वाळवलं आणि मधोमध टर्रकन फाडलं. एक अर्धा फरशी पुसायला, एक अर्धा कपाटात, पुढेमागे लागेल म्हणून. सात वर्षं एका माणसाचं अंग पुसलं, त्याचा हा निकाल. मी त्या कुत्र्याचा मनापासून द्वेष केला, खोटं कशाला बोलू.

पुढचे दिवस मी त्याच्याच मागे फिरत होतो. पायपुसणं, पलंगावरून लोंबणारी चादर, चिऊचा शाळेचा शर्ट, आईंनी मशीनपाशी बेतून ठेवलेलं गिऱ्हाइकाचं कापड. आई शिवणकाम करतात, त्यामुळे घरात चिंध्यांना तोटा नाही. सरांची पद्धत ठरलेली होती. नाक दाबायचं, गुंडाळी मारायची, अर्धा तास बाथरूममध्ये बांधायचं. सकाळी ते त्याला मैदानात नेत, घड्याळ लावून एक तास. तिथे ढब्बू नुसता हुंगत फिरायचा, जमिनीकडे बघत, काही हरवल्यासारखा. घरी आला की धावत पायपुसण्यावर.

"तासभर काय करत होतास रे?" सर विचारायचे आणि गुंडाळी उचलायचे.

एकदा आई म्हणाल्या, "एवढी फरशी मोकळी पडलीय, पण नाही, याला कापडच लागतं. मुद्दाम करतो मेला." किती जवळ गेल्या होत्या त्या! पण त्यांचे हात कामात होते आणि डोकं चढलं होतं, तिथेच थांबल्या.

सहाव्या-सातव्या दिवशी ढब्बूने शेपूट हलवणं सोडलं. आता तो कापड तोंडात धरून कपाटामागे न्यायचा, तिथे उरकायचा आणि दुसऱ्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पहिल्या दिवशी तो शाबासकीची वाट बघत होता. कशाची शाबासकी, ते कळेना. पण माझा राग तिथेच गेला.

बाराव्या दिवशी सकाळी चिऊ म्हणाली, "बाबा, आपलंच काही चुकत असेल का?"

"वीस वर्षं माणसं शिकवतोय मी," सर तिच्यावर केवढ्याने ओरडले. "सत्तरीच्या म्हाताऱ्यांना क्लच शिकवलाय. आता तू मला शिकव." चिऊ रडत शाळेत गेली.

त्याच दिवशी संध्याकाळी सर मागच्या पायरीवर मला पिळत बसले होते. फोन वाजला. हात ओले, म्हणून त्यांनी तो पायरीवर ठेवूनच चालू केला, आवाज मोठा करून. नर्सबाई होत्या.

"कसा आहे माझा ढब्बू? सर, त्या दिवशी घाईत सांगायचंच राहिलं. माझी बारा तासांची ड्युटी, चौथा मजला, त्याला खाली कोण नेणार? म्हणून मी त्याला बाल्कनीत जुन्या कपड्यावर करायला शिकवलं होतं. इतका शहाणा आहे, कापड सोडून कुठे करणार नाही. तुम्ही असं करा, एक जुना कपडा बाहेर झाडाखाली टाका. दोन दिवसांत शिकेल."

 सरांनी मला घट्ट धरलं होतं आणि पाणी त्यांच्या कोपरावरून खाली गळत होतं.

"सर? ऐकताय ना?"

"हो. बरा आहे तो," सर म्हणाले आणि फोन बंद केला.

आतून चिऊने विचारलं, "बाबा, कुणाचा फोन?"

"क्लासचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पिशवीत लपवून मैदानात नेलं. झाडाखाली पसरलं. ढब्बूने मला हुंगलं. मला वाटलं, सुटलो, आता हा सुटला आणि मीही सुटलो. पण त्याने सरांच्या हाताकडे पाहिलं आणि तो मटकन खाली बसला.  सर चाळीस मिनिटं उभे राहिले. एकदा अगदी हळू आवाजात म्हणाले, "कर ना रे." एवढ्या मऊ आवाजात त्यांना मी सात वर्षांत कुणाशी बोलताना ऐकलं नव्हतं. ढब्बूने काही केलं नाही. घरी आल्यावर कपाटामागे गेला आणि नुसत्या फरशीवर उरकलं. कापडाची सवय सरांनी मोडली होती. या माणसासमोर करायचं नाही, एवढंच तो नवीन शिकला होता.

चिऊला तो भीत नव्हता. हे सरांना ठाऊक होतं. तिला एक वाक्य सांगायचं, मला तिच्या हातात द्यायचं आणि दोघांना झाडाखाली पाठवायचं, बस. अजून दोन दिवस हातात होते. पण ते वाक्य सांगायचं तर पहिल्या दिवसापासून कुत्रा बरोबर होता आणि आपण चूक होतो, हेही सांगावं लागलं असतं. सरांच्या ते जिवावर आलं. त्या दोन दिवसांत कितीदा तरी ते बोलता बोलता थांबले. मी तिथेच होतो, पायाशी. मला जीभ असती तर मी ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं.

पंधराव्या दिवशी मामांचा टेम्पो आला. चिऊने कपाटातून माझा दुसरा अर्धा भाग काढला आणि ढब्बूच्या पिशवीत ठेवला. "याला कापड आवडतं ना," ती म्हणाली. सर गाडीची काच पुसत राहिले. ती आधीच स्वच्छ होती.

टेम्पो गेल्यावर तिने विचारलं, "त्याला कधीच आलं नसतं का, बाबा?"

"काही कुत्री शिकतच नाहीत, बाळा."

आता ढब्बू गोदामाच्या अंगणात साखळीला असतो म्हणे. कुणी आलं की भुंकतो, हात उगारल्यासारखा दिसला की चावायला धावतो. मामा खूश आहेत, राखणीला असाच लागतो म्हणतात. माझ्या त्या अर्ध्या भागाचं काय झालं, मला कळलं नाही. तो त्यावर झोपत असेल तर बरं. मी इथे विरत चाललोय. मधला धागा सुटलाय, महिन्या-दोन महिन्यांत कचऱ्यात जाईन आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. मागणं एकच आहे. घरात कुणी नवीन आलं, दोन पायांचं असो की चार, तर हात उचलायच्या आधी त्याला पूर्वी काय शिकवलंय ते विचारा. आणि उशिरा कळलं तर उशिरा का होईना, तोंड उघडा.

काल सर सांडलेला चहा माझ्याने पुसत होते, तेवढ्यात दारात एक नवीन बाई आल्या. गाडी शिकायची होती. सर उठले, मी हातातच. "आधी कुणी काही..." म्हणाले आणि तिथेच अडखळले. 

आतून चिऊने बाबांच्या आवाजात वाक्य पुरं केलं, "...शिकवलंय का? आधीच्या सवयी सांगा, मग पुढचं बघू."

बाई हसल्या. चिऊही हसली, ढब्बू गेल्यानंतर पहिल्यांदाच. सर मला पिळत उभे राहिले. माझ्यात पिळण्याइतकं पाणी नव्हतं.