काचेवरची कुंकवाची रेघ

मी एक्स-रे पाहायची पेटी बोलतेय. दवाखान्याच्या भिंतीवर पांढरा उजेड देणारी, तीच मी. आता भिंतीवर नाही, जिन्याखालच्या अडगळीत मोडक्या स्ट्रेचरला टेकून उभी आहे. पण मला रडगाणं गायचं नाही. एका दुपारी मला जो धक्का बसला, तेवढा सांगायचा आहे. इतकी वर्षं झाली, तो अजून ओसरलेला नाही.

माझा जन्म सीताबर्डीतल्या एका बोळात झाला. ताराचंद मिस्त्री दुकानांच्या पाट्या करायचा. त्यानं पत्र्याचा डबा केला, आत दोन ट्यूबलाइट बसवल्या, तोंडाला दुधी काच लावली आणि विचारलं, "यावर नाव कोणतं रंगवू?" नाव नाही, यावर माणसांची हाडं लागणार, हे कळल्यावर त्यानं दोनदा साबण लावून हात धुतले.

वाडीच्या रस्त्यावरच्या एका दवाखान्यात मला टांगलं. त्याचं नाव सांगत नाही, घरची गोष्ट घरात बरी. कुठे ट्रक उलटला, कुठे गोदामात पोत्यांची थप्पी कोसळली, की जखमी आमच्याच अपघात विभागात यायचे. दत्तोपंत एक्स-रे काढायचे, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुऊन तशीच ओली, पाणी ठिबकत असताना आणायचे आणि माझ्यावर अडकवायचे. बटण दाबलं की माझा चोक गुणगुणू लागायचा आणि कातडीखालचं सगळं दिसायचं. हाड पांढरं, हाडातला तडा काळा.

एक गंमत सांगते. नातेवाईक माझ्याकडे कधी बघायचेच नाहीत. फोटो माझ्यावर आणि त्यांची नजर डॉक्टरच्या तोंडावर. डॉक्टरनं नुसतं "हं" केलं तरी धडधाकट माणसं मटकन खाली बसायची.

दत्तोपंत कामाला चोख, पण देवभोळे. खंडेनवमीला दरवर्षी एक्स-रे मशीनची पूजा व्हायची. चौऱ्याहत्तर साली माझाही नंबर लागला. तेलात कालवलेल्या कुंकवानं त्यांनी माझ्या काचेवर स्वस्तिक काढलं. मी तर लाजलेच. एरवी माझ्यावर फडकं मारायलाही कुणाला सवड नसायची.

दुसऱ्याच दिवशी विश्वनाथ डॉक्टरांनी एक फोटो लावला आणि हसत विचारलं, "दत्तोपंत, या माणसाच्या बरगडीत स्वस्तिक कसं उगवलं?" मागून उजेड आला की कुंकू काळंच दिसायचं. सगळे हसले. मीही मनात हसले.

"पूजेचं कुंकू पुसू नये," दत्तोपंत म्हणाले. "आपोआप जाऊ द्यावं."

डॉक्टर तरुण, हुशार, पण घाईचे. त्यांनी वाद घातला नाही. रोजच्या ओल्या फोटोंनी स्वस्तिक घासलं गेलं, दोनतीन तुटक रेघा उरल्या. कुठली रेघ कुठे आहे, हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. फोटोत काळं काही दिसलं की डॉक्टर म्हणायचे, ती कुंकवाची. सवय लागायला किती दिवस लागतात? आम्हाला सहा लागले.

सातव्या दिवशी भर दुपारी चंद्रभान आला. गोदामातला हमाल. पाठीवर पोतं असताना वरून दुसरं मानेवर पडलं होतं. चालत आला होता, पण मान एका हातानं धरून. बरोबर त्याची बायको जयवंता होती.

"दुखते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुखते तं आहेच साहेब. वळून नाही राहिली. पण कामाले जा लागते."

फोटो माझ्यावर लागला. डॉक्टरांनी बोटानं मानेचे मणके मोजले. सातही होते, एकाखाली एक. पाचव्या मणक्यावरून एक बारीक काळी रेघ तिरपी गेली होती.

आणि जयवंता माझ्याकडे बघत होती. डॉक्टरच्या तोंडाकडे नाही, माझ्याकडे. अशी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

"साहेब, थे काळी रेघ कशाची आहे?"

"ती होय? काचेवरच्या कुंकवाची आहे, बाई. घाबरू नका, मुका मार आहे. शेकून काढा."

"कुंकवाची आहे तं मंग चांगलंच आहे," ती म्हणाली. तिनं हात जोडले आणि कपाळाला लावले. चंद्रभान म्हणाला, "चाल वं," आणि दोघं निघाली.

पाकिटावर नाव घालायला दत्तोपंतांनी फोटो माझ्यावरून उतरवला. कोपऱ्यातलं बारीक नाव वाचायला त्यांनी तो खिडकीशी धरला. मग ते हललेच नाहीत. रेघ फोटोबरोबर खिडकीशी गेली होती. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी अजून पेटलेली होते. कुंकू होतं, पण चार बोटं खाली. पाचवा मणका जिथे होता, तिथे माझी काच स्वच्छ पांढरी होती.

मी हादरले. ती रेघ माझी नव्हतीच. माझ्याच अंगावर एका माणसाची मोडलेली मान दिसत होती आणि तिचं खापर आम्ही देवाच्या कुंकवावर फोडलं होतं. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

"डॉक्टर, मान मोडली आहे त्याची," दत्तोपंत म्हणाले.

खिडकीतून फाटक दिसायचं. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली एक मालिशवाला बसायचा. तेल चोळून झालं की हनुवटी धरून मान अशी फिरवायचा, की कडकन आवाज यायचा, आणि लोक म्हणायचे, मोकळं वाटलं. चंद्रभान त्याच्यापुढे बसला होता. डॉक्टरांनी मुका मार सांगितला, मग मालिशला हरकत कसली? मालिशवाल्याचा एक हात त्याच्या हनुवटीखाली होता, दुसरा डोक्यामागे.

साठीला आलेले दत्तोपंत चपला टाकून धावले. "सोड! मान सोड त्याची!"

मालिशवाला घाबरून तसाच थांबला. त्यानं हात काढले असते तरी भीती, फिरवले असते तर संपलंच. मागून डॉक्टर पोचले, त्यांनी दोन्ही तळव्यांत ते डोकं धरलं आणि स्ट्रेचर येईपर्यंत धुळीत गुडघे टेकून बसले. जयवंता विचारत राहिली, "काहून? काय झालं, काहून?"

त्याच दुपारी दत्तोपंतांनी रॉकेलच्या बोळ्यानं माझी काच पुसली. मग डॉक्टर आले आणि रिकाम्या काचेकडे बघत राहिले.

"त्या बाईनं विचारलं होतं, दत्तोपंत," ते म्हणाले. "मी बघायला हवं होतं."

चंद्रभान डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून दीड महिना पडून होता, मग गळ्याला प्लास्टर. तीन महिन्यांनी त्याचा नवा फोटो माझ्यावर लागला. हाड जुळलं होतं. मी इतकी खूश कधीच झाले नव्हते.

जयवंता तबक घेऊन आली होती. "ह्या पेटीनं माह्यं कुंकू राखलं," ती म्हणाली, आणि कुंकवात बुडवलेलं बोट तिनं थेट माझ्या काचेकडे नेलं.

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. दत्तोपंतांनी हळूच तिचं मनगट धरलं.

"काचेले नको वं माय. वर लाव, पत्र्यावर."

तो टिळा अजून आहे. माझ्या ट्यूब गेल्या, पत्रा गंजला, काचेला कोपऱ्यात तडा गेला, पण तिचं बोट पत्र्यावर उमटलेलं आहे. मला भंगारात द्या, नाहीतर पुन्हा भिंतीवर लावा, माझी तक्रार नाही. फक्त फोटो लावण्याआधी मला एकदा रिकामी पेटवून बघत जा. आणि एखाद्या बाईनं विचारलं, साहेब, थे काळी रेघ कशाची आहे, तर तिला उत्तर देण्याआधी फोटो चार बोटं सरकवा.